पाड्यापासून दवाखान्यापर्यंत : मुरबाड-शहापूरमधील मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती सेवांची ओळख

'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य ठाणे जिल्ह्यात आणि मुंबईच्या आसपास कुणालाही हिणवताना सहज वापरले जाते. त्यातले ठाणे म्हणजे शहर नव्हे, तिथले प्रादेशिक मनोरुग्णालय. १९०१ साली सुरू झालेले आणि नरोत्तमदास माधवदास यांचे नाव लाभलेले हे रुग्णालय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. बाकीची तीन येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या माणसांसाठी ते आपल्याच जिल्ह्याचे, सरकारी आणि पोहोचता येण्याजोगे रुग्णालय. तरीही त्याचे नाव घरात उच्चारले गेले की मुलीचे लग्न अडेल, अशी भीती आजही खरी आहे. या एका नावाने मोठे नुकसान केले आहे. मनाचा आजार म्हणजे ठाणे, एवढाच एक दरवाजा लोकांच्या मनात राहिला. बाळंतपणानंतर रात्र-रात्र रडणारी बाई, परीक्षेनंतर बोलणेच बंद झालेला आश्रमशाळेतला मुलगा, सकाळी हात थरथरतात म्हणून चहाआधी दारू घेणारा गडी, यांपैकी बहुतेकांना त्या रुग्णालयात दाखल होण्याची गरज नसते. त्यांचे उपचार तालुक्याच्या गावी, काही वेळा त्याहूनही जवळ, होऊ शकतात. ते दरवाजे कोणते आणि कोणत्या त्रासाला कुठला ठोठावायचा, हे सांगणारे मात्र गावात सहसा कुणी नसते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतले मुरबाड आणि शहापूर हे विस्ताराने मोठे, डोंगराळ आणि पाड्यापाड्यांत विखुरलेले. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. शहापूरला निदान कसाऱ्याकडे जाणारी लोकल आहे. आसनगावला गाडीत बसले की ठाण्याला थेट उतरता येते. पण डोळखांब किंवा किन्हवलीकडच्या पाड्यावरून आसनगाव गाठायलाच सकाळ जाते. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने सुमारे तीस किलोमीटरवरचे कल्याण, तिथून लोकल, मग रिक्षा. आणि माळशेजच्या पायथ्याकडून निघणाऱ्याला त्याआधी टोकावड्याच्या बाजूने मुरबाडपर्यंत यावे लागते. रुग्णाला एकट्याने पाठवता येत नाही, म्हणून दोघांची रोजी बुडते. मानसिक आजाराची औषधे महिनोन्‌महिने चालतात. दर महिन्याला अशी एक फेरी म्हणजे वर्षात बारा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर औषध बंद झाले, तर त्याला घरच्यांचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

त्यात स्थलांतराची भर पडते. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. रुग्णाचा केसपेपर गावात, रुग्ण भिवंडी-कल्याणच्या भट्टीवर, आणि औषधाची पुढची तारीख त्यामधल्या कुठल्यातरी सोमवारी. भट्टीवर जाण्याआधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून जास्त दिवसांची औषधे मागणे, आजाराचे नाव आणि औषधे लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवणे, आणि भट्टीजवळचे सरकारी रुग्णालय कोणते ते आधीच विचारून घेणे, एवढ्या तीन गोष्टींनी पुष्कळ रुग्णांचा उपचार टिकतो.

सेवा शोधण्याआधी त्रास ओळखावा लागतो, आणि त्रासाची नावे दवाखान्यात एक, घरात दुसरी असतात. 'मला नैराश्य आले आहे' असे इथे कुणी म्हणत नाही. 'जीव घाबरा होतो', 'अंगात आग होते', 'डोकं जड', 'झोपच नाही', 'कशात मन लागत नाही', 'टेन्शन झालंय' असे म्हणतात. बाई वर्षभर अंगदुखीच्या गोळ्या आणि सलाईन घेत राहते. आजार मनाचा असू शकतो हे कुणी विचारलेलेच नसते. दोन आठवडे सलग उदास वाटणे, भूक-झोप जाणे, कामात आणि माणसांत रस न उरणे आणि जगणे नकोसे वाटणे यांपैकी बऱ्याच गोष्टी एकत्र दिसल्या, तर ते डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे, मग तक्रार अंगदुखीची का असेना. स्वतःशीच बोलणे, नसलेले आवाज ऐकू येणे, घरच्यांनी जेवणात काही घातले असा पक्का संशय येणे किंवा चार-चार रात्री न झोपता सुसाट बोलत सुटणे ही तीव्र मानसिक आजाराची लक्षणे. त्यांना लोक 'बाहेरचं झालं' किंवा 'लागलंय' म्हणतात. फेफरे, म्हणजे फिट येणे, हा तर मेंदूचा आजार; तोही याच गाठोड्यात बांधला जातो आणि नियमित गोळीने आटोक्यात येण्याजोगा असूनही वर्षे वाया जातात.

भगताचा, म्हणजे गावच्या मांत्रिकाचा, उल्लेख इथे टाळता येत नाही, आणि टाळूही नये. पाड्यावर रात्री दोन वाजता उपलब्ध असणारा, भाषा एकच असणारा, घरच्यांचे सगळे ऐकून घेणारा माणूस तोच असतो. त्याच्याकडे जाणाऱ्या कुटुंबाला अडाणी म्हणून झिडकारले की ते कुटुंब दवाखान्यात पुन्हा येत नाही. पूजा करा, पण औषध चुकवू नका, हे सांगणे अधिक उपयोगी पडते. मारहाण, साखळदंड, चटके, उपाशी ठेवणे मात्र कुठल्याही श्रद्धेत बसत नाही. तमिळनाडूतील एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्रही चालवले. अंधश्रद्धा आणि व्यसन हे दोन्ही प्रश्न एकाच घरात राहतात, हे त्यांच्या कामात दिसते.

दारूबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण या भागात मदत मागण्याचे पहिले निमित्त बहुधा तीच असते. मोहाची, हातभट्टीची, ताडीची आणि आता देशीच्या बाटलीची, अशी ती अनेक रूपांनी आहे. सण, लग्न आणि मयत यांत तिला मान आहे, म्हणून कधीतरी पिणारा कोण आणि व्यसनात अडकलेला कोण हे घरच्यांनाही उशिरा कळते. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत : सकाळी उठल्याबरोबर लागणे, तेवढ्याच नशेसाठी प्रमाण वाढत जाणे, ठरवूनही थांबता न येणे आणि न मिळाल्यास हात थरथरणे, घाम येणे, झोप जाणे. यातली शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर जीव जाऊ शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली की सहा-आठ तासांत कंप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप आणि घाम यांनी अंग भिजते. घरच्यांना वाटते, दारू सोडली आणि लागीर झाले. प्रत्यक्षात ही दारू तुटल्याची वैद्यकीय आणीबाणी असते; उपचार न मिळाल्यास तिने माणूस दगावतो आणि रुग्णालयात वेळेवर नेल्यास बहुतेक जण त्यातून बरे होतात. घरात कोंडून, बांधून किंवा शपथ घालून एकदम दारू तोडायला लावणे म्हणूनच धोक्याचे. आजारपण, तुरुंग, उपवास, हाती पैसा नसणे अशा कुठल्याही कारणाने दारू अचानक थांबली तरी हेच घडते. अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे : रोज प्यायचे, अमुक दिवसांपासून बंद आहे. लाजेपोटी हे लपवले, तर फिटचे कारण शोधण्यात मोलाचे तास जातात.

भिंतींवर आणि गाड्यांत 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती दिसतात. त्या पुड्यांमध्ये नेमके काय असते ते घेणाऱ्याला कळत नाही. दारूबरोबर घेतल्यास उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणे अशी प्रतिक्रिया देणारे एक औषध व्यसनोपचारात खरोखर वापरले जाते, पण ते रुग्णाला सर्व सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. भाजीत मिसळून दिलेले तेच औषध जीवघेणे ठरू शकते. या जाहिरातींवर पैसे घालवणाऱ्या बायकांचा दोष नाही. त्यांच्यासमोर दुसरा पत्ता कुणी ठेवलेलाच नसतो.

उपचार न मिळण्याचे प्रमाण देशभरच भयंकर आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळालेला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही मोठ्या संख्येने रुग्ण उपचाराबाहेर असल्याचे दिसले, आणि सामान्य मानसिक आजारांत ही तूट पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास होती.

आता दरवाजे. पहिला आशाताईंचा, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेचा. ती औषध देत नाही; पण कुठल्या घरात काय चालले आहे हे तिला ठाऊक असते आणि उपकेंद्रापर्यंत सोबत येणारी तीच असते. उपकेंद्रात, ज्याचे नाव आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' आहे, समुदाय आरोग्य अधिकारी असतो. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथला वैद्यकीय अधिकारी नैराश्य, चिंता आणि फेफरे यांवर उपचार सुरू करू शकतो, व्यसनाची पहिली तपासणी करू शकतो आणि पुढची चिठ्ठी देतो. मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय हा पुढचा टप्पा. या सर्व ठिकाणी, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. ही गोष्ट अजूनही अनेकांना माहीत नाही.

या साखळीला मनोविकारांची जोड देतो तो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, कर्नाटकातल्या बेल्लारीत जिल्हा पातळीवरचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या रचनेत जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांचा चमू असतो, आणि हा चमू तालुक्याच्या रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी बाह्यरुग्ण तपासणी करतो. ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची माहिती कोणती, तर हा दिवस. तो बदलतो, सुट्टीत चुकतो, पद रिकामे असले तर बंदही राहतो. म्हणून पाड्यावरून निघण्याआधी आशाताईंकरवी रुग्णालयात फोन करून 'मनाचे डॉक्टर येत्या वेळी कधी आहेत' असे विचारून घ्यावे. एक फोन एक फुकट फेरी वाचवतो.

ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखल होणे वेगळे आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी परतणे वेगळे. दुसरी सोय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ठाण्याचे नाव नकोच असेल, तर महानगरपालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, आणि कसारा लोकलच्याच मार्गावर पुढे मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. अशा सर्वसाधारण रुग्णालयात जाणाऱ्याला कुणी 'कशासाठी' म्हणून विचारत नाही, आणि गावच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

जाणे शक्यच नसेल तर फोन. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. व्यसनासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा क्रमांक आहे. मशेरी, तंबाखू आणि गुटखा सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६. डोंगरकपारीच्या पाड्यांत नेटवर्क टेकडीवर जाऊनच मिळते, आणि घरातला एकच मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. म्हणून हे क्रमांक अंगणवाडीत, शाळेत आणि रेशन दुकानावर रंगवलेले असणे जास्त उपयोगाचे.

तज्ज्ञांचे प्रकार समजले नाहीत तर निराशा पदरी येते. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. या तिघांत औषध तोच देतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादातून उपचार करतो. समुपदेशक ऐकतो, मार्ग शोधायला मदत करतो. 'नुसते बोलले, गोळी दिली नाही' म्हणून परतलेला रुग्ण पुन्हा येत नाही. बोलणे हाच त्या वेळचा उपचार होता, हे त्याला आधी सांगायला हवे होते. उलट औषधांबाबत हेही सांगावे लागते, की नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटले म्हणून ती एकदम थांबवायची नसते.

कायद्याची बाजू २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पालटली. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्यानुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होऊ शकतो आणि घरी जाऊ शकतो. मोठ्या आधाराची गरज असलेल्या रुग्णाला त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते, तेही आधी तीस दिवसांपर्यंतच. पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो. साखळीने बांधण्यास या कायद्याने बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याबाबतही गावात जुनी भीती आहे. पोलिस केस होईल म्हणून फवारणीचे औषध प्यायलेल्या सुनेला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम उरलेले नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशातल्या राज्यांत सर्वाधिक. आणीबाणीच्या त्या तासात कायद्याच्या भीतीने कुणी थांबू नये.

व्यसनमुक्तीसाठी खासगी निवासी केंद्रेही आहेत, चांगली आणि वाईट दोन्ही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे सुरू केलेले 'मुक्तांगण' हे मराठी मुलखात व्यसनमुक्तीचे सर्वांत परिचित नाव. तिथे रुग्णाला आधी माणूस म्हणून वागवण्याची रीत रुजली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने १९९० पासून मनाच्या आरोग्यावर मराठीतून मोठे काम केले आहे. पण रस्त्याच्या कडेला पाटी लावून उघडलेल्या प्रत्येक केंद्रावर तसा विश्वास टाकता येत नाही. दाखल करण्याआधी विचारायचे प्रश्न थोडे आणि साधे असतात. नोंदणीपत्र दाखवा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो? पहिल्या आठवड्यात कंप सुटला तर वैद्यकीय सोय काय? घरच्यांना भेटता येते का? महिन्याचा सगळा खर्च किती? मध्यरात्री घरातून माणूस 'उचलून नेण्याची' सेवा देणारे, भेट नाकारणारे किंवा मारहाणीलाच उपचार म्हणणारे केंद्र कितीही स्वस्त असले तरी टाळावे.

ज्यांना दाखल होणे परवडत नाही त्यांच्यासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आहेत. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, व्यसनातून बाहेर आलेली माणसेच एकमेकांना धरून ठेवतात. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' हा वेगळा गट आहे. दारुड्याच्या बायकोलाही आजार जडतो, झोप आणि भूक तिचीही जाते, हे मानणारी जागा तिला क्वचितच मिळते. म्हणून हा गट महत्त्वाचा. उपचारानंतर पुन्हा पिणे हे पुष्कळांच्या बाबतीत घडते आणि ते उपचाराचे अपयश नसते. पुन्हा त्याच दाराशी जाता आले पाहिजे.

भटकत आलेली, नाव-गाव न सांगू शकणारी माणसे मुरबाडच्या एसटी स्थानकावर आणि कसाऱ्याच्या फलाटावरही दिसतात. अशा माणसाला संरक्षणात घेऊन सरकारी आरोग्यसेवेकडे नेण्याची जबाबदारी कायद्याने पोलिसांवर टाकली आहे, म्हणून ११२ वर कळवावे. शेजारच्या कर्जत तालुक्यात डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशनने अशा रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून त्यांना दूरदूरच्या घरी पोहोचवण्याचे काम उभे केले. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दीर्घ आजाराने काम करता न येणाऱ्यांसाठी आणखी एक दार तहसील कार्यालयात आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक असमर्थतेचे प्रमाणपत्र मिळाले की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० वर त्याची विचारणा करता येते. कागद जमवण्याची ही धावपळ आजारी माणसाच्या आईने एकटीने करावी, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. ग्रामपंचायतीतल्या कुणीतरी तिच्यासोबत जायला हवे.

तज्ज्ञ कमी आहेत म्हणून हातावर हात ठेवून बसावे लागत नाही, हे जवळपासच दाखवून दिले गेले आहे. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्रासातले शेजारी ओळखणे, त्यांचे ऐकणे आणि योग्य ठिकाणी व योजनेपर्यंत पोहोचवणे हे काम उभे केले. गोव्यात 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि दारूच्या समस्येवर प्राथमिक आरोग्य केंद्रातच मदत दिली आणि तिचा उपयोग होतो हे शास्त्रीय चाचणीत दाखवले. मुरबाड-शहापूरमध्ये आशाताई, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेचे अधीक्षक, बचतगटाच्या ताया अशी माणसे आधीच आहेत.

त्यांच्या हाती द्यायची माहिती कशी असावी, हे वरच्या सगळ्या अडचणींवरून ठरते. नुसती नावे आणि पत्ते पुरत नाहीत. प्रत्येक सेवेपुढे त्रास घरच्या शब्दांत लिहिलेला हवा : झोप नाही, बाहेरचं वाटतं, दारू तुटून कंप सुटलाय. मग तपासणीचा वार आणि वेळ, सोबत न्यायचे कागद, कोणत्या एसटीने कुठे उतरायचे, परतीची शेवटची गाडी कोणती, औषध किती दिवसांचे देतात, बाईला एकटीने जाऊन बोलता येते का, आणि तो फोन प्रत्यक्षात कुणी उचलतो का. हे शेवटचे दर सहा महिन्यांनी, तिथे फोन लावूनच तपासायचे, आणि न उचललेला क्रमांक यादीतून त्याच दिवशी काढून टाकायचा.